इनकमिंग साहेब

कुठल्याही घरात एक तरी माणूस असा असतो, जो गोळी घशाखाली घालण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचतो. लग्नाच्या पंगतीत तो वाढप्याला थांबवून श्रीखंडाच्या डब्यावरची तारीख विचारतो. ‘शुद्ध तुपातील’ अशी पाटी दिसली की आत जाऊन ‘कुठल्या तुपातील?’ म्हणून चौकशी करतो. घरचे त्याच्यावर वैतागतात, आणि पोट बिघडलं की पहिला फोन त्यालाच करतात.

आमच्या महाळुंग्यात या जातीचं पीक जरा जास्तच येतं, कारण इथं त्यांना याच कामाचा पगार मिळतो. गावाच्या शिवारात बजाजचा कारखाना, पुढं चाकण एमआयडीसीचे टप्पे, आणि मोठ्यांना माल पुरवणारी लहानमोठी युनिटं गल्लोगल्ली. बाहेरून आलेला माल दुकानात, म्हणजे शॉप फ्लोअरवर, जाण्याआधी तपासणारं जे खातं असतं त्याला इनकमिंग म्हणतात. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ तिथं इतकी वर्षं आहेत की त्यांचं पाळण्यातलं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना इनकमिंग साहेब म्हणतात. वहिनीसुद्धा रागावल्या की म्हणतात, “इनकमिंग, जेवायला वाढलंय. तपासून घ्या.”

त्यांच्या फ्रिजच्या दारावर एक छोटी डबी चिकटवलेली आहे. डबीत तीन रंगांचे गोल स्टिकर. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्ट. हिरव्याचा खप फार कमी, लालचाही जेमतेम. पिवळे मात्र दर महिन्याला नवे आणावे लागतात. माणसाचा खरा स्वभाव पिवळा. नणंदेनं प्रेमानं पाठवलेल्या लोणच्याच्या बरणीवर एकदा पिवळा टिकला दिसला, तेव्हा वहिनी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. “रिजेक्ट कुठं केलंय?” साहेब म्हणाले, “मिठाचं प्रमाण कळेपर्यंत होल्डला ठेवलंय.” वहिनींचं यावर एकच म्हणणं असतं: “लग्नाच्या वेळी तेवढं माझं लेबल वाचायचं राहिलं, म्हणून संसार झाला.”

किराणा दुकानात ते शिरले की दुकानदार स्टूल पुढं सरकवतो. साहेब चष्मा कपाळावर चढवतात, मोबाइलचा कॅमेरा लेबलवर धरतात आणि दोन बोटांनी अक्षरं मोठी करून वाचायला लागतात. ओठ हलत असतात. मागे रांग लागते. दुकानदार राजस्थानचा, पण मराठी पक्की: “साहेब, वाचून झालं की घडी घालून जागेवर ठेवा.”

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. मग पुण्याला शिकणारी त्यांची लेक दिवाळीला घरी आली आणि तिनं जाहीर केलं की आजपासून ती जनावराचं दूध पिणार नाही.

या घरात ही बातमी केवढी, ते सांगायला हवं. साहेब मूळचे खेड तालुक्यातले, चासकमान धरणाच्या बाजूचे. घरी म्हशी. वडील पहाटे सायकलला कॅन लावून संकलन केंद्रावर जायचे आणि मागच्या कॅरिअरवर हे. तिथला माणूस दुधात काचेची नळी सोडायचा, ती किती बुडते ते बघायचा आणि आकडा ओरडायचा. आकडा कमी आला की त्या दिवशी वडिलांचा चेहरा पडायचा. गावाकडं त्या आकड्याला डिग्री म्हणतात, आणि साहेबांचं आख्खं चरित्र त्या नळीतून निघालंय असं मला वाटतं. माणूस काय सांगतो याला मोल नाही, नळी काय सांगते ते खरं. गावी आजही धाकटा भाऊ म्हशी सांभाळतो आणि आई अजून धार काढते.

तर लेकीनं सांगितलं. आम्हाला वाटलं, आता घरात महाभारत. साहेब फक्त म्हणाले, “ठीक आहे. पर्यायी मालाचे सॅम्पल मागवा.”

त्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर बदामाचं, ओटचं, सोयाबीनचं आणि तांदळाचं अशी चार खोकी रांगेनं उभी राहिली. चारींवर हिरवं पान. एकावर गोल पृथ्वी हसत होती. साहेबांनी सगळ्यांची तोंडं भिंतीकडं फिरवून ठेवली. “पुढची बाजू सेल्सवाल्याची असते,” ते म्हणाले, “मागची क्वालिटीवाल्याची.”

पहिला नंबर बदामाचा. आपल्याकडं २०२०च्या लेबलच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिलं नाव पाणी. दुसरं साखर. बदाम तिसरा, कंसात तीन टक्के. साहेबांनी वहिनींचा वजनकाटा काढला आणि बदामाच्या बरणीतून एकेक बदाम टाकत तीस ग्रॅम भरले. पंचवीस बदाम झाले. ते ओळीनं मांडले, शेजारी खोकं ठेवलं आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. “हे पंचवीस, आणि हे एक लिटर. पंचवीस बदाम तीस रुपयांचे धरा. खोकं अडीचशेच्या वर. मधल्या पैशात काय आहे?”

“मार्केटिंग,” मी म्हणालो.

“ते घटकात लिहिलेलं नाही.”

मग गोंद. बदामाची पूड पाण्यात टाकली की ती खाली बसते आणि पाणी वर राहतं. ते होऊ नये म्हणून गेलान गम घालतात, नंबर ४१८. लेसिथिन, ३२२, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला. साहेब नंबरांना घाबरले नाहीत, उलट खुलले. “नंबर असलेला पार्ट चांगला. मागोवा घेता येतो. लोक उगाच नंबर बघून विष समजतात. आपला ग्वारगम ४१२ आहे, तो गवारीच्याच जातीच्या शेंगेच्या बीपासून काढतात. त्याला विष म्हणणार का?” हे मला त्यांचं फार आवडतं. संशयी माणूस सहसा एकाच बाजूनं संशयी असतो; हे गृहस्थ संशयावरही संशय घेतात.

कॅल्शियमची तपासणी मात्र नाट्यमय झाली. खोक्यावर ‘हलवून प्या’ असं लिहिलेलं. साहेबांनी मुद्दाम न हलवता दोन दिवस उभं ठेवलं, मग वरचं दूध अलगद ओतून टाकून कात्रीनं खोकं कापलं. तळाशी पांढरा थर. बोटावर घेऊन वहिनींना दाखवला. “कॅल्शियम कार्बोनेट. खडू.”

“म्हणजे चुनाच लावला की,” वहिनी म्हणाल्या.

“चुना नाही. चुना हायड्रॉक्साइड असतो. उगाच सप्लायरवर खोटा आरोप करायचा नाही.”

सोसायटीच्या आठवणीत राहिलं ते ओटचं प्रकरण. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, साखर घातलेली नाही. मागच्या तक्त्यात ‘घातलेली साखर’ या ओळीपुढं शून्य, पण ‘एकूण साखर’ या ओळीपुढं चार ग्रॅम. साहेबांची रात्रीची झोप गेली. घातली नाही तर आली कुठून? चार दिवस वाचन करून रविवारी त्यांनी क्लब हाउसमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा कोरडा तुकडा ठेवला. “चावत राहा. गिळायचं नाही. बोलायचं नाही.” सोसायटीतली वीसपंचवीस माणसं, त्यात पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी दोन कुटुंबंही, समोरासमोर बसून मुकाट्यानं चावत राहिली. इतकी शांतता आमच्या जनरल बॉडीनं कधी पाहिली नव्हती. दोनेक मिनिटांनी साहेबांनी विचारलं, “गोड लागतंय?” लागत होतं. “लाळेतलं एन्झाइम पिठाची साखर करतं. ओटचं दूध करताना तेच काम अमायलेज घालून टाकीत करतात. साखर घातली नाही हे खरं. साखर केली, हे सांगितलं नाही.” चेअरमन अजून गिळू की नको या विचारात होते.

हे सगळं खाण्यापिण्याचं झालं. साहेब खरे पेटले ते हसऱ्या पृथ्वीवर.

“पृथ्वीसाठी चांगलं. कशापेक्षा चांगलं? किती? मोजलं कुणी?” हे तीन प्रश्न त्यांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला मेलनं पाठवले, तेही वाहनधंद्यातल्या ८-डी फॉर्ममध्ये, म्हणजे तक्रारीचं वर्णन, तात्पुरता उपाय, मूळ कारण, कायमचा उपाय अशा रकान्यांसकट. उत्तर आलं की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे, सोबत दहा टक्के सवलतीचं कूपन. साहेबांनी कूपनवर लाल टिकला लावला. पुढं ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या: ‘निसर्गस्नेही’, ‘हरित’ असले शब्द वापरायचे तर पुरावा हवा, आणि दावा पूर्ण वस्तूचा की फक्त वेष्टनाचा ते सांगायला हवं. त्या दिवशी साहेबांनी ऑफिसात पेढे वाटले. पेढ्याच्या खोक्याची तारीख बघून.

आकडे त्यांनी शेवटी स्वतःच शोधले. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोघांचा अभ्यास आला होता, ११९ देशांतल्या अडतीस हजारांवर शेतांच्या माहितीवर उभा. त्यातला तक्ता त्यांनी ए-थ्री कागदावर छापून स्वयंपाकघरात लावलाय, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी. लिटरमागे हरितगृह वायू: गाईचं दूध ३.१५ किलो, तांदळाचं १.१८, सोयाचं ०.९८, ओटचं ०.९०, बदामाचं ०.७०. पाणी: गाईचं ६२८ लिटर, बदामाचं ३७१, तांदळाचं २७०, ओटचं ४८, सोयाचं २८.

तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते तासभर गप्प होते. गाय, म्हणजे पर्यायानं त्यांची म्हैस, सरळ हरली होती. लेक काही बोलली नाही. तिला बापाचा स्वभाव ठाऊक आहे. संध्याकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं, “जगाची सरासरी आहे. आपली म्हैस उसाचं वाढं आणि कडबा खाते, तिच्यासाठी कुणी जंगल तोडलं नाही. पण ढेकर देते, आणि त्या ढेकरेत मिथेन असतो. हे नाकारून चालणार नाही.” आईच्या म्हशीच्या ढेकरेबद्दल इतक्या तटस्थपणे बोलणारा मुलगा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बदाम कॅलिफोर्नियाचा, म्हणजे वाहतुकीतच गेला असणार, ही त्यांची पक्की खात्री होती. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मागे ज्यांची हयात गेली त्यांना असंच वाटणार. पण बोटीनं येणाऱ्या मालाचा किलोमागचा वाटा फार थोडा निघाला. मोठा भार शेतावरच पडतो. “माझा अंदाज चुकीचा होता,” त्यांनी तक्त्याखाली पेनानं लिहिलं आणि तारीख घातली. पाण्याचा प्रश्न मात्र राहिला. जगातला सुमारे ऐंशी टक्के बदाम त्या एका राज्यात पिकतो, जिथं पाण्याची ओरड कायमची. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या सोसायटीला हे लगेच पटलं.

मग त्यांनी जे केलं ते मला खरंच पटतं, आणि कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही. लिटर सोडून त्यांनी प्रथिनांचा हिशेब मांडला. “लिटरला काय करायचंय? लिटर तर पाणीही असतं.” गाईच्या लिटरभर दुधात प्रथिनं बत्तीस-तेहतीस ग्रॅम. सोयाच्या चांगल्या दुधात तीसच्या आसपास. त्या बदामाच्या खोक्यात पाच-सहा. ग्रॅमभर प्रथिनामागे कार्बन काढला तर गाय पंचाण्णव ग्रॅमच्या घरात आणि बदाम सव्वाशेच्या. म्हणजे पृथ्वी हसत होती त्या खोक्यावरचा बदाम या मोजपट्टीवर गाईच्याही मागे. सोया तेहतीस. प्रथिनांसाठी कुणी बदामाचं दूध पीत नाही, असं लेकीनं म्हणून पाहिलं. “मग कशासाठी पितात ते लिहा म्हणावं,” साहेब म्हणाले.

ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं जानेवारी २०२२मध्ये ओटली या कंपनीच्या काही जाहिरातींना चाप लावला, ती गोष्ट ते दरवेळी नव्या उत्साहानं सांगतात. कंपनीनं म्हटलं होतं की आमच्यामुळं दुधापेक्षा ७३ टक्के कमी उत्सर्जन होतं. आकडा निघाला त्यांच्या एकाच प्रकाराचा, तोही साईसकटच्या दुधाशी तुलना करून. “एका पार्टचा रिपोर्ट सगळ्या पार्टला जोडला!” साहेब टेबलावर हात आपटतात. “आमच्याकडं ऑडिटरनं उभा जाळला असता.” वर हेही सांगतात की ओट वाईट ठरलं नाही, रिपोर्ट वाईट ठरला; हा फरक लोक विसरतात म्हणून त्यांचा जीव तुटतो.

खोक्याच्या पुनर्वापराच्या चिन्हाची तपासणी त्यांनी रद्दीवाल्याकडून करून घेतली. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकावर एक. असा माल बनवणारा कारखाना चाकणलाच आहे, त्याचा त्यांना अभिमानही आहे. रद्दीवाल्यानं खोकं उलटसुलट केलं. “साहेब, हे कागदात धरत नाय आन् पत्र्यातबी नाय.” साहेबांनी नोंद केली: पुनर्वापर शक्य, महाळुंग्यात उपलब्ध नाही. खोकी धुऊन, चपटी करून त्यांनी बाल्कनीत थप्पी लावली, घेणारा मिळेपर्यंत होल्डला.

दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या वहिनींनी त्यांना एकदाच गप्प केलं. साहेब सांगत होते की आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी वनस्पतीच्या पेयाला ‘मिल्क’ लिहायला बंदी आहे, युरोपच्या न्यायालयानंही २०१७ साली हाच निकाल दिला. वहिनी सोलकढीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. “आणि नारळाचं दूध?” साहेबांनी मोबाइल काढला. नारळाला सूट आहे; पूर्वापार चालत आलेलं नाव म्हणून. “बरं झालं,” वहिनी म्हणाल्या, “नायतर आमच्या सासूबाई गेल्या साठ वर्सां बेकायदेशीर.”

तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर गांधीजींवर आले. गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग चालवले होते, ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलंही. त्याआधी दूध न पिण्याचं व्रत घेतलेलं. आजारपणात कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, शेळीचं घ्या. घेतलं, आणि आत्मचरित्रात कबूलही केलं की शब्द पाळला, भाव मोडला. साहेब भारावून गेले. “याला म्हणतात डेव्हिएशन घेणं. माल स्पेकला बसत नाही, वापरायचा तर आहे, मग लेखी नोंद करून वापरायचा. लपवायचं नाही.” त्यांच्या लेखी महात्मा तेव्हापासून क्वालिटी खात्यात आहेत.

निकाल सोयाच्या बाजूनं लागला, तोही घरगुती. सोयाबीन लातूरचं, रात्री भिजवायचं, सालं काढायची, उकळत्या पाण्यातच वाटायचं. गार पाण्यात वाटलं तर कच्च्या शेंगेचा वास उठतो. मग चांगलं उकळून गाळायचं. उरलेल्या चोथ्याची वहिनी थालीपीठं लावतात, ती खरोखर फर्मास होतात. गावाहून आलेल्या आईनं एकदा भांड्यात डोकावून पाहिलं. “सोयाबीन? त्याची पेंड आपन म्हशीला घालतो की रं.” “तेच, आई. मधली म्हैस काढली.” आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते लगेच चहा ठेवायला वळले.

कोजागरीला सोसायटीनं दुधाचं खातं त्यांच्याकडं दिलं. दोन पातेली: एक गावच्या म्हशीचं, एक सोयाचं. भाऊ स्वतः टेम्पोतून कॅन घेऊन आला, आई पुढं बसलेली. साहेबांनी कॅन उतरताच नळी बाहेर काढली, तीच जुन्या पद्धतीची, आणि सगळ्यांदेखत दुधात सोडली. ती जास्तच बुडाली. पंचवीस.

भावाचा चेहरा तांबडा झाला. “दादा, घरचं दूध हाये.”

“घरचं असो नाहीतर सप्लायरचं. पंचविसाला मी पास करणार नाही.” पिवळा टिकला कॅनवर.

“भावाला व्हल्ड करतो व्हय रं?” आई म्हणाली. “आत्ता धार काढून आनलंय, कॅनला हात लावून बघ.”

साहेबांनी हात लावला. कॅन कोमट होता. त्यांचा हात तिथंच राहिला. गरम दूध पातळ होतं आणि नळी जास्त बुडते. दुरुस्तीचा तक्ता पाकिटात असतो, हे सगळं त्यांना पाठ आहे. कॅन पाण्याच्या टबात ठेवला, अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं, तीस भरली. टिकला त्यांनी स्वतः सोलून काढला, हिरवा लावला. मग सोसायटीच्या फलकावर खडूनं लिहिलं: ‘प्रथम तपासणीत चूक. कारण: तापमान पाहिले नाही. जबाबदार: निरीक्षक.’ आणि पिवळा टिकला स्वतःच्या शर्टाच्या खिशावर चिकटवून ते रात्रभर फिरत राहिले. भाऊ हसून हसून बेजार. आई मात्र ज्याला त्याला सांगत होती की लहानपणी हा रडायचासुद्धा कारण लिहून.

सोयाचं पातेलं म्हशीच्या आधी संपलं. लेक टाळी मागायला आली, “बाबा, पास ना?”

“नाही. जायफळ फार पडलंय. लोकांना जायफळ आवडलं की दूध, हे कळायला मार्ग नाही. पुढच्या वेळी एक पातेलं बिनजायफळाचं ठेवू.” मग आजूबाजूला पाहत, जरा खालच्या आवाजात: “जायफळाची पुडी कुठं टाकलीस? त्याची तारीख बघायची राहिली.”